कंटाळ्याला बसू द्या



ज्या बाईंच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांच्या हाताखाली मी या वाचनालयाच्या बालविभागात तेवीस वर्षं काम केलं. यंदा बोलायला मला बोलावलं, तेव्हा मी बालसाहित्यावर बोलेन असं कार्यकर्त्यांनी गृहीत धरलं होतं. मी विषय कळवला, 'मुलांचा कंटाळा'. फोनवर थोडा वेळ शांतता होती. पण बाईंकडून मी जे शिकले त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे, आणि ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. म्हणून आज ते सांगायचं ठरवलं.

मे महिन्यात दुपारी आमच्याकडे एक प्रसंग हमखास घडायचा. पुस्तकं बदलून झालेली असायची, बाहेर ऊन रणरणत असायचं, घरी जायला मन नसायचं. मग एखादं पोर बाईंच्या टेबलाच्या कडेला लोंबकळायचं आणि सूर लावून म्हणायचं, "बाई, कंटाळा आऽऽला." बाई हातातलं काम थांबवत नसत. बहुतेक वेळा त्या फाटक्या पुस्तकांना खळ लावून पुठ्ठे चिकटवत असायच्या. मान वर न करता म्हणायच्या, "आला का? बसू दे त्याला जरा."

नवी होते तेव्हा मला हे उत्तर कोरडं वाटायचं. मूल आपल्याकडे काही मागायला आलं आहे आणि आपण त्याला काहीच देत नाही, हे मला सहन व्हायचं नाही. मी धावत जायचे. गोष्ट सांगायचे, कोडं घालायचे, कागदाची होडी करून द्यायचे. असंच एकदा मी एका मुलाला तासभर रमवलं. तो हसत घरी गेला. बाई मला म्हणाल्या, "छान सांगितलीस गोष्ट. पण त्याचा कंटाळा तू घेतलास. उद्या तो परत तुझ्याकडेच येईल." आणि तो आला. परवाही आला. आठवडाभर रोज येऊन माझ्यासमोर उभा राहिला, दुकानात गिऱ्हाईक उभं राहतं तसा.

आपल्या भाषेत कंटाळा 'येतो'. झोप येते, आठवण येते, पाहुणा येतो, तसा तो येतो. काही वेळ थांबतो आणि उठून जातो. जाताना पुष्कळदा काहीतरी मागे ठेवून जातो. पण याच शब्दाचं एक दुसरं रूप आहे, 'कंटाळा करणं'. अभ्यासाचा कंटाळा करतो, अंघोळीचा कंटाळा करतो. त्यात ठपका आहे. घराघरांत नेमका इथेच घोटाळा होतो. मूल म्हणतं "कंटाळा आला", आणि आपल्या कानाला ऐकू येतं "कंटाळा करतोय". मग आपण रागावतो. "एवढी खेळणी पडली आहेत, ती काय शोभेला आणलीत?" किंवा घाबरतो, की आपलं मूल रिकामं बसलं म्हणजे आपण पालक म्हणून कुठेतरी कमी पडलो. रागावणारे आणि घाबरणारे दोघेही शेवटी एकच करतात. मुलाच्या हातात काहीतरी कोंबतात.

रिकामपणाबद्दलचा हा धाक आपल्यात खोल मुरलेला आहे. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, अशी म्हण आहे. एका कष्टकरी व्यवसायाला हिणवणारी ती म्हण आज वापरावीशी वाटत नाही, पण तिच्यात जे दृश्य आहे ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. गिऱ्हाईक नाही. हातात तुंबडी आहे, समोर शेणामातीचा कूड आहे. माणूस ती कुडाला लावून बघतो. चिकटते का? अंगाला चिकटते, मग इथे का सुटते? ओल्या कुडाला चिकटेल का? ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो तो माणूस प्रयोग करत होता. मुलाच्या अशा कामांना आपण काय म्हणतो ते आठवून बघा: नसते उद्योग, उपद्व्याप, रिकामपणाची कामं. या शब्दांखाली आपण किती गोष्टी झाकून टाकल्या आहेत!

आता कलकत्त्याच्या एका मुलाकडे जाऊ. रवींद्रनाथ ठाकूर १८६१ साली जोडासाँकोच्या वाड्यात जन्मले. घर श्रीमंत आणि माणसांनी भरलेलं, पण मुलं सगळी नोकरांच्या ताब्यात. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'जीवनस्मृति'त त्यांनी शाम नावाच्या नोकराची आठवण दिली आहे. शामला मुलामागे धावायचा त्रास नको असायचा. तो छोट्या रवीला खोलीत एका जागी बसवायचा, त्याच्याभोवती खडूनं गोल काढायचा, आणि ही रेघ ओलांडलीस तर मोठं संकट येईल असं बजावून निघून जायचा. रवीला रामायण ठाऊक होतं. रेघ ओलांडल्यावर सीतेचं काय झालं तेही ठाऊक होतं. तो बसून राहायचा.

खिडकीखाली एक तळं होतं, त्याला बांधलेला घाट होता. पूर्वेच्या भिंतीशी मोठा थोरला वड आणि दक्षिणेला नारळीची रांग. मुलगा खिडकीच्या फटींतून जवळजवळ दिवसभर तेवढंच बघायचा. सकाळपासून शेजारपाजारचे लोक अंघोळीला येत. कोण कधी येणार हे त्याला पाठ झालं. प्रत्येकाची तऱ्हाही पाठ झाली. कुणी कानांत बोटं घालून भराभर डुबक्या मारून निघून जायचा, कुणी डुबकी न मारताच पंचा भिजवून डोक्यावर पिळायचा, कुणी आधी पाण्यावरचा कचरा हातानं लांब सारायचा आणि मग एकाएकी डुबकी मारायचा. दुपार चढली की घाट ओस पडायचा, फक्त बदकं उरायची. मग मुलाचे डोळे वडाकडे वळायचे. पारंब्यांच्या गुंत्याखाली काळोख होता, आणि जगाचे नियम त्या कोपऱ्यात पोचायला विसरलेत असं त्याला वाटायचं. पुढे तो वड राहिला नाही, तळंही राहिलं नाही. वड त्यांच्या कवितेत मात्र आला.

मी शामची बाजू घेत नाही, हे स्पष्ट सांगते. मुलाला धाक घालून बसवून ठेवणं वाईटच. तो मुलगा बाहेर जायला तळमळत होता आणि ती तळमळ त्या पुस्तकात जागोजाग आहे. अशा वर्तुळात बसून कोमेजलेली मुलं किती असतील, त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत म्हणून आपल्याला ती माहीत नाहीत. मला या आठवणीत दोनच गोष्टी दाखवायच्या आहेत. पहिली, खिडकी उघडी होती. दुसरी, बघण्याला कुणी हात लावला नाही. "काय बघतोस? मोज बरं किती बदकं आहेत" असं म्हणत कुणी मध्ये आलं नाही. पंचा पिळणारा माणूस त्या मुलाच्या ध्यानात आयुष्यभर राहिला, कारण पन्नास वेळा बघितल्यावर एक्कावन्नाव्या वेळी जे दिसतं ते त्याला दिसलं. पहिल्या नजरेला तो नुसता एक अंघोळ करणारा माणूस होता.

याच मुलाचा आणखी एक उपद्व्याप आहे. शाळेत घातल्यावर तिथला जाच त्याला सोसेना. घरी आल्यावर त्यानं व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात आपली शाळा काढली. कठड्याचे लाकडी गज हे विद्यार्थी. कोण हुशार, कोण ढ, कोण वांड, हे ठरलेलं. हातात छडी घेऊन तो मास्तर व्हायचा आणि वांड गजांना झोडपून काढायचा. या छळात आपल्याच मास्तरांची नक्कल होती, हे मोठेपणी त्यांनीच लिहिलं. मला वाटतं, वर्गातल्या त्या असह्य तासांचं काय करायचं हे मुलानं कुणाला न विचारता शोधून काढलं होतं. १९०१ साली याच माणसानं शांतिनिकेतनात झाडांखाली भरणारी शाळा काढली.

आता इंग्लंडमध्ये जाऊ. यॉर्कशरच्या माळावर हॉवर्थ नावाचं गाव आहे. तिथल्या धर्मोपदेशकाच्या घरात चार मुलं होती. आई गेलेली, दोन मोठ्या बहिणीही १८२५ मध्ये गेलेल्या. घराला लागून दफनभूमी, पलीकडे वाऱ्यानं झोडपलेलं माळरान. १८२६ च्या जून महिन्यात वडील लीड्सहून मुलासाठी बारा लाकडी शिपायांची एक पेटी घेऊन आले. शार्लट दहा वर्षांची होती, ब्रॅन्वेल आठचा, एमिली सातची, अॅन सहाची. प्रत्येकानं एकेक शिपाई उचलला आणि त्याला नाव दिलं. तिथून एक शहर उभं राहिलं, मग राज्यं, राजघराणी, युद्धं, वर्तमानपत्रं. मुलांनी त्या शिपायांच्या मापाची, काड्यापेटीएवढी पुस्तकं केली. हाती येईल तो कागद कापून, शिवून, छापील वाटावीत अशी मुंगीएवढी अक्षरं काढून. ती आजही जपून ठेवलेली आहेत आणि वाचायला भिंग लागतं. १८४७ साली, म्हणजे एकवीस वर्षांनी, 'जेन एअर', 'वुदरिंग हाइट्स' आणि 'अॅग्नेस ग्रे' या तिन्ही कादंबऱ्या एकाच वर्षात प्रसिद्ध झाल्या. तिघी बहिणींची एकेक.

ही कथा सांगताना लोक एक गोष्ट गाळतात. त्या घरात नुसता रिकामा वेळ नव्हता. नियतकालिकं येत होती, वडील मुलांसमोर राजकारणावर बोलत होते, पुस्तकांना हात लावायला बंदी नव्हती आणि माळावर हुंदडायलाही नव्हती. रिकाम्या घरात रिकामं मूल ठेवलं की प्रतिभा उगवते, असा माझा अजिबात दावा नाही. चुलीवर रिकामं पातेलं ठेवलं तर ते जळतं. आत आधी काहीतरी पडलेलं हवं, आणि मग ते शिजायला वेळ हवा. आपण पहिल्या गोष्टीमागे जिवाचा आटापिटा करतो. दुसरीसाठी मात्र मुलाच्या दिवसात जागाच ठेवत नाही.

यावर प्रयोगही झाले आहेत. सेंट्रल लँकेशर विद्यापीठात सँडी मान आणि रिबेका कॅडमन यांनी काही जणांना पंधरा मिनिटं टेलिफोनच्या डिरेक्टरीतले नंबर उतरवायला लावले आणि मग थर्माकोलच्या दोन कपांचे जास्तीत जास्त उपयोग सुचवायला सांगितले. कंटाळून आलेल्यांना इतरांपेक्षा जास्त सुचलं. पुढच्या फेरीत काही जणांना नंबर नुसते वाचायला दिले, तेव्हा त्यांच्या कल्पना नंबर उतरवणाऱ्यांपेक्षाही सरस निघाल्या. लिहिताना हात आणि डोळे गुंतलेले असतात; नुसतं वाचताना मन हळूच निसटतं आणि भटकायला लागतं. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तो मोठ्या माणसांवर केलेला आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा मुलांना लावू नये. पण मन निसटायला वाट हवी हे त्यातून कळतं, आणि बाईंना ते टेलिफोन डिरेक्टरीशिवाय कळलं होतं.

बाईंच्या टेबलाखाली एक खोका होता. त्यात काय काय असायचं सांगते. जुन्या लग्नपत्रिका, सुतळी, तुटलेल्या छत्रीच्या काड्या, बटणं, काड्यापेट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, गेल्या वर्षीची कॅलेंडरं, चिंचोके, दोऱ्याची रिकामी रिळं. खोक्याबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत. 'चला मुलांनो, आज आपण टाकाऊतून टिकाऊ करू या' असं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. खोका नुसता तिथे असायचा, आणि त्याला झाकण नसायचं.

अरविंद गुप्ता यांचं काम तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. आयआयटीतून शिकलेला हा इंजिनियर पुण्यातल्या कारखान्यातून रजा घेऊन १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. तिथे खेड्यातल्या आठवडी बाजारात फिरता फिरता सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी त्याच्या हाती लागली. नळीच्या तुकड्यात दोन बाजूंनी दोन काडेपेटीच्या काड्या खोचल्या की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण ताठ राहतो, चार काड्यांचा चौकोन मात्र दाबला की कलतो. पुलाला आणि छपराला त्रिकोण का लागतात हे मुलाच्या बोटांना तिथल्या तिथे कळतं. ज्या नळीकडे कुणी वळून बघत नव्हतं ती दिसायला बाजारात निरुद्देश भटकणारा माणूस लागला.

आपल्याकडे याचं सगळ्यात सुंदर उदाहरण दर वर्षी अंगणात उभं राहतं. दिवाळीचा किल्ला. सहामाही संपलेली, शाळा बंद, आई फराळात गुंतलेली, "स्वयंपाकघरात लुडबुडू नका" म्हणून पोरं बाहेर हाकललेली. त्या हाकललेपणातून किल्ला झाला. विटा आणि दगड रचायचे, त्यावर गोणपाट टाकायचं, चिखलाचे हात फिरवायचे, अळीव किंवा मोहरी पेरायची आणि रोज सकाळी उठून उगवलंय का ते बघायचं. वाटीचं तळं, सलाइनच्या नळीचं कारंजं. बुरुजापेक्षा मोठा वाघ गुहेत बसलेला, आणि मावळे कमी पडले म्हणून पहाऱ्याला उभा केलेला प्लास्टिकचा फलंदाज. चिखलाला तडा का जातो, उतारावरचं पाणी अडवायचं कसं, दरवाजा वळणावर का ठेवायचा, हे सगळं पोरं चार दिवस भांडत भांडत शिकायची. आता ठिकठिकाणी स्पर्धा असतात. त्यांचा हेतू चांगला आहे आणि मीही परीक्षक म्हणून गेले आहे. पण तिथे काय दिसतं? वडील आराखडा घेऊन उभे, काका फवारणीचा रंग मारताहेत, आणि मुलगा बाजूला उभा राहून विचारतोय, "बाबा, आता मी काय करू?" बाजारात तयार किल्लेही मिळतात. अळीव उगवायची वाट बघायची गरज त्यात उरत नाही. मला त्या वाट बघण्याचंच जास्त वाईट वाटतं.

इथे थांबून मला एक गोष्ट बोलायची आहे, नाहीतर हे सगळं सुखवस्तू घरांचं बोलणं ठरेल. कंटाळा यायला मोकळा वेळ लागतो आणि मोकळा वेळ सगळ्या मुलांना मिळत नाही. दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. आईबापाबरोबर आलेली आठ-दहा वर्षांची मुलगी दिवसभर कोपीवर धाकट्या भावाला कडेवर घेऊन असते, पाणी भरते, भाकरीचं बघते. तिला कंटाळा यायची सवड कोण देणार? आपल्या घरांतही मुलाला "जा खेळ" आणि मुलीला "जरा इकडे ये" असंच होत आलं. माझ्या आईच्या बालपणी तिच्या वाट्याला मोकळा वेळ म्हणून वाळवण राखणं आलं. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातलेले, हातात काठी, कावळे आले की हुसकायचे. त्या दुपारी ती ढगांना नावं द्यायची आणि प्रत्येक कावळ्याचं कूळ ठरवायची, हे तिनं मला सत्तरी उलटल्यावर सांगितलं. तिच्या आयुष्यातली तीच तेवढी निवांत जागा होती. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं एकतिसावं कलम मुलाला विश्रांतीचा, मोकळ्या वेळेचा आणि खेळाचा हक्क देतं. भारतानं १९९२ मध्ये तो करार स्वीकारला. शिक्षणाच्या हक्काबद्दल आपण बोलतो, आणि बोललंच पाहिजे. मोकळ्या वेळेच्या हक्काबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

आणि ज्यांच्याकडे सगळं आहे त्या मुलांचा वेळ आपण दुसऱ्या बाजूनं संपवला. सोमवारी अबॅकस, मंगळवारी स्केटिंग, बुधवारी तबला, सुट्टी लागली की समर कॅम्प. यातला प्रत्येक क्लास चांगला असेल. पण दोन क्लासच्या मधली जी वीस मिनिटं उरतात, ती मूल गाडीच्या मागच्या सीटवर मोबाइल बघत काढतं. पूर्वी मुलाला कंटाळा आला की तो जाण्यासाठी त्याला स्वतः काहीतरी करावं लागायचं. आता बोटाच्या एका हालचालीनं तो जातो. एक चित्र संपायच्या आत दुसरं सुरू होतं. पाहुणा दारातूनच परत जातो, आणि त्यानं आणलेलं काही घरात येत नाही.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपणही तसेच झालो आहोत. २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला. माणसांना पंधरा मिनिटं एका खोलीत एकटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही. फक्त एक बटण, जे दाबलं की स्वतःलाच विजेचा धक्का बसतो. हा धक्का टाळायला आम्ही पैसे देऊ असं या माणसांनी आधी सांगितलेलं होतं. तरी अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस बायकांपैकी सहा जणींनी बटण दाबलं. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या माणसाला स्वतःबरोबर पंधरा मिनिटं काढता येत नाहीत, तो मुलाच्या कंटाळ्याशेजारी शांत कसा बसेल?

इथे आलेल्या पालकांसाठी एक सावधगिरी सांगते. मूल आठवडेच्या आठवडे कशातच रमत नसेल, आवडत्या खेळाकडेही बघत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर तो कंटाळा नव्हे. ते दुखणं आहे. त्याला जवळ घ्या, जाणकाराकडे न्या. आणि वर्गात हात बांधून, तोंडावर बोट ठेवून बसवलेल्या मुलाला जो कंटाळा येतो, त्याचीही मी भलामण करत नाही. मी बोलते आहे ते दुपारच्या साध्या, मोकळ्या, हात सुटे असलेल्या कंटाळ्याबद्दल.

२००६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. तेव्हाचं भारनियमन तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे दुपारी बारा ते तीन वीज नसायची. घरोघरी टीव्ही बंद, पंखे बंद. घरात तगमग व्हायची म्हणून पोरं वाचनालयाच्या मागच्या ओट्यावर, कडुलिंबाच्या सावलीत जमायला लागली. दहा-बाराजण असतील. पहिले दोन दिवस नुसती भांडणं झाली. कुणी कुणाची चप्पल कौलावर फेकली, एकीनं दुसरीची वेणी ओढली. मला वाटलं, आपण काहीतरी घ्यावं, निदान अंताक्षरी. मी उठले तशी बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी परत बसले. ते दोन दिवस माझ्यासाठी फार लांबले.

तिसऱ्या दिवशी एका मुलानं कुंपणाजवळ पडलेल्या आंब्याच्या कोयी गोळा करायला सुरुवात केली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. रसाचे दिवस, कोयींना तोटा नव्हता. त्यानं त्या मातीत ओळीनं उभ्या केल्या. दुसऱ्यानं विचारलं, "हे काय, माणसं का?" पहिला म्हणाला, "घरं." इथून पुढे मला सगळं नीट सांगता येणार नाही, कारण आम्ही मुद्दाम तिकडे फारसं बघत नव्हतो. चार दिवसांत ओट्यापासून कुंपणापर्यंत गाव झालं. कोयींना लग्नपत्रिकांची छपरं आली. छत्रीच्या काड्यांचे विजेचे खांब आले आणि त्यांवरून दोऱ्याच्या तारा गेल्या. चिंचोके ही माणसं झाली. फोडलेला पांढरा चिंचोका म्हणजे म्हातारी. एका मुलीनं विजेचं ऑफिस काढलं. तिथे कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर लिहिलेलं वेळापत्रक होतं: वरची आळी बारा ते तीन, खालची आळी तीन ते सहा. वेळ झाली की ती त्या आळीतली तार खांबावरून काढून घ्यायची. खालच्या आळीच्या चिंचोक्यांनी मोर्चा आणला. वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरलं की ज्या घरात म्हातारी आहे त्या घराची तार काढायची नाही.

त्या मुलांपैकी कुणी मोठं लेखक झालं का, शास्त्रज्ञ झालं का, असं मला विचारतात. मी चौकशी केलेली नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरांनी उन्हाच्या चार दुपारींत एक गाव वसवलं आणि त्या गावात म्हातारीची तार काढायची नाही असा कायदा केला. माझ्या लेखी ते काम तेव्हाच पूर्ण झालं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळीव झाला आणि एका रात्रीत गाव वाहून गेलं. छपरांचा लगदा झाला, दोरे कुंपणात अडकले. शाळा सुरू झाल्या. मला फार हळहळ वाटली; मुलं मात्र तिकडे फिरकली नाहीत. पुढे पंधरा-वीस दिवसांनी एका शनिवारी ती पुस्तकं बदलायला आली आणि मागे पळाली. चिखलात रुतलेल्या कोयींपैकी काही उगवल्या होत्या. तांबूस, लुसलुशीत पानं वर आली होती, खालच्या आळीला जास्त. मुलांनी त्यातली दोन-चार उपटली, कवच सोलून आतला गर काढला, आणि पायरीच्या दगडावर तो घासत बसली. बराच वेळ नुसता घासण्याचा आवाज येत होता. बाई खळ लावता लावता थांबल्या. मग मागून पहिली पिपाणी वाजली, जरा फाटक्या आवाजात, आणि तिच्यामागोमाग दुसरी.